गाडीत दोष नाई

दोष सापडल्यानंतर जाम गावचा मिस्त्री श्रावण साठ दिवस गप्प का राहिला? फोन त्याच्या खिशात होता, नंबर पाठ होता, आणि ज्याला सांगायचे तो माणूस मोटरसायकलने दीड तासाच्या वाटेवर राहत होता. या प्रश्नाचे उत्तर श्रावणला देता आले नाही, त्याच्या बायकोला देता आले नाही, आणि पुढच्या हकिकतीतूनही ते निघत नाही. घडले ते मात्र क्रमाने सांगता येते.

श्रावणचे दुकान जामच्या चौकापासून शंभर पावलांवर आहे. पत्र्याचे छप्पर, पुढे ऑइल पिऊन काळी झालेली जमीन, खांबाला टांगलेल्या जुन्या ट्यूब, आणि गिऱ्हाइकांना बसायला कुठल्याशा ट्रकमधून निघालेली लांब सीट. २००१ पासून तो इथे आहे. समुद्रपूर तालुक्यातल्याच एका शेतकरी घरातला तो तिसरा मुलगा. जमीन दोघा भावांनाच जेमतेम पुरणारी, तेव्हा दहावी होताच वडिलांनी त्याला मामाच्या ओळखीने वर्ध्यातल्या एका गॅरेजात चिकटवून दिले. तिथल्या उस्तादाने सहा वर्षांत त्याच्या अंगी एकच गोष्ट पुरती मुरवली: पाना उचलण्याआधी गाडीचे ऐकून घ्यायचे.

त्या ऐकण्यावर श्रावणने पुढे नाव कमावले. चौकातून गाडी वळली की मान न उचलता तो सांगे, "चेन कोरडी झाली, तेल पाजा तिले." एखाद्याची गाडी उभी राहण्याआधीच, "टॅपेट वाजून राह्यले. शनिवारी घेऊन येजो." लोक म्हणत, श्रावण कानाने पाहतो. हे बोलणे त्याला आवडत असे, आणि आवडते हे तो लपवीत नसे. एका प्रशिक्षण शिबिरात त्याला विजेचा दाब मोजण्याचा मीटर मिळाला होता. तो त्याने डब्यातून कधी बाहेर काढला नाही. "ज्याले आयकू येत नाई त्याच्यासाठी हाये थे," असे तो म्हणे, आणि सीटवर बसलेले हसत.

त्याची दुसरी रीत दसऱ्याची होती. दसऱ्याला गाडी धुऊन, हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून तिची पूजा सगळेच करतात. श्रावण त्याच्या आधीच्या आठवड्यात जुन्या, कायमच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या एकेक दिवस ठेवून घेई आणि इंजिनला नि चेसीसच्या गंजलेल्या सांध्यांना चंदेरी रंगाचा हात देई. ही त्याच्याकडची भेट. वरवरचे रंगकाम त्याच्या स्वभावात बसत नव्हते. रंग सांध्याच्या आत पोहोचावा म्हणून तो बोल्ट सैल करी, वायरी बाजूला घेई, ब्रश आतपर्यंत फिरवी आणि मग सारे पुन्हा जिथल्या तिथे आवळी. २०२२ च्या दसऱ्याला अशा सात गाड्या रंगल्या. त्यांत वासुदेवरावांची एक होती.

वासुदेवराव जामपासून सहा किलोमीटरवरच्या गावी भाजीची वाडी करत. अडीच एकर जमीन, विहीर, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात चवळीच्या शेंगा. वय अडुसष्ट. गाडी २००९ सालची, दीडशे सीसीची. रोज पहाटे मागच्या कॅरिअरवर दोन गठ्ठे बांधून ते जामच्या हॉटेलांत माल टाकत आणि उरलेला घेऊन समुद्रपूरच्या बाजारात जात. तीन वर्षांपूर्वी विहिरीच्या काठावरून पाय घसरून त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली होती. चालता येई, बसता येई, पण किक मारायची डॉक्टरांनी कायमची बंदी केली होती. तेव्हापासून गाडी चालू करण्याचा त्यांना एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे उजव्या अंगठ्याखालचे सेल्फचे बटन.

त्या बटनावर किती काय टांगले आहे, ते रंगासाठी गाडी सोडायला आले तेव्हा त्यांनीच श्रावणला सांगितले होते.

"पोराशी करार झाला माहा," ते सीटवर टेकत म्हणाले. "अंकुश म्हनते, बाबा, सावंगीले चाला. मी म्हनलं, जोवर माहा माल मी एकटा बाजारात नेतो तोवर मी वाडी सोडत नाई. ज्या दिवशी रस्त्यात अडकलो अन् दुसऱ्यानं उचलून घरी आनलं, त्या दिवशी तू म्हनशील तिथं येतो."

"कागदावर केला का करार?" श्रावणने विचारले.

"कागदाले तं तोडता येते. माह्या बायकोच्या, देवकाच्या समोर झाला. थे तोडू देत नाई."

अंकुश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वर्ध्याजवळच्या सावंगीच्या रुग्णालयात हाडांच्या विभागात प्लास्टर बांधण्याच्या कामावर होता. दर आठवड्याला मोटरसायकलवरून पडलेली चार म्हातारी माणसे त्याच्या हाताखालून जात, आणि प्रत्येकाच्या जागी त्याला आपला बाप दिसे. त्याच्या आग्रहामागे ही भीती होती. वासुदेवरावांना ती कळत होती. म्हणून तर त्यांनी नुसता नकार न देता करार केला होता.

नोव्हेंबरच्या मध्याला थंडी पडू लागली आणि वासुदेवराव दुकानी आले.

"मिस्त्री, सकाळी बटन दाबलं का नुसतं कट करते अन् चूप बसते."

"अन् मंग इथं कशी आनली?"

"गावच्या उतारावरून सोडली अन् दुसऱ्या गेअरमध्ये उचलली."

श्रावणने बटन दाबले. इंजिन पहिल्याच झटक्यात धरले.

"पाय," वासुदेवराव म्हणाले, "तुह्यासमोर कशी शहानी होते. माहेरची मानसं पायली का सूनबाई हसतेच."

श्रावणने त्यांच्या तोंडून ऐकलेला तो 'कट' मनात वाजवून पाहिला. त्याच्या हिशेबी त्या आवाजाचा अर्थ स्वच्छ होता. कट असा आवाज येतो म्हणजे बटन ठीक, बटनाचा हुकूम रिलेपर्यंत पोहोचतो. रिले ही बॅटरी आणि सेल्फ मोटर यांच्यामधली कडी. तिथून पुढे मोटर फिरत नाही, म्हणजे बॅटरीत दम नाही, नाहीतर रिलेची आतली टोके जळाली, नाहीतर मोटरमधले कार्बन झिजले. बॅटरी चार वर्षांची होती. ती बदलली. आठ दिवस ऊब राहिली, गाडी नीट चालली. थंडी वाढताच पुन्हा कट. त्याने रिले बदलला. चार दिवस बरे गेले. मग मोटर खोलून कार्बन बदलले, आतली काजळी पुसली. प्रत्येक वेळी दुकानात, दहाच्या उन्हात, सहा किलोमीटर चालून तापलेल्या इंजिनावर गाडी एका बोटात चालू होत होती. वासुदेवराव जी गाडी रोज पहाटे पाहत होते ती श्रावणने एकदाही पाहिली नव्हती. एक रात्र ती ठेवून घेऊन सकाळी सहाला बटन दाबून पाहावे, इतकी साधी गोष्ट त्याला सुचली नाही. पुढे या एका गोष्टीवर तो सर्वांत जास्त विचार करत असे.

तिसऱ्या खेपेला त्याच्या तोंडून निघाले, "वासुदेवराव, तुमी क्लच पुरा दाबता का? अन् बटन किती वेळ दाबता?"

"दाबतो तं," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पहाटे देवकाबाईंना दिवा घेऊन अंगणात उभे करायला सुरुवात केली. "पाय वो, दाबला का मी क्लच?" देवकाबाई वाकून पाहत. "मले काय समजते त्यातलं? दाबलाच दिसते." स्वतःच्या हातावरचा विश्वास असा साक्षीदार लावून मोजावा लागणे, हे त्या माणसाला किती जड गेले असेल याचा अंदाज श्रावणला तेव्हा आला नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, धुके असलेल्या एका सकाळी, हॉटेलांत माल टाकून वासुदेवराव निघाले. तासभर उभी राहिलेली गाडी थंड पडली होती. हॉटेलातल्या एकाने धक्का दिला, गाडी धरली, आणि चौकाच्या बरोबर मध्यभागी इंजिन बंद पडले. श्रावण नुकताच दुकानाचा पत्रा वर करत होता. त्याने पाहिले: चारी बाजूंनी ट्रकचे हॉर्न, मध्ये धुक्यात एक माणूस, दुपट्ट्याने बांधलेले डोके खाली, अंगठा बटनावर. उजव्या पायाने त्याने किकचा दांडा बाहेर काढला, त्यावर पाय ठेवला, आणि पुन्हा काढून घेतला. पानठेल्यावरची दोन माणसे धावली आणि त्यांनी गाडी ढकलत कडेला आणली.

श्रावणने चहा मागवला. ऊन वर आले. गाडी चालू झाली. पण पानठेल्यावर उभ्या असलेल्या कुणाचा तरी मेहुणा सावंगीला कामाला होता, आणि दुपारपर्यंत बातमी अंकुशपर्यंत गेली.

रविवारी अंकुश वडिलांना त्यांच्याच गाडीवर मागे बसवून दुकानी आला. सीटवर दोन गिऱ्हाइके होती. पानठेलेवाला सुट्टे मागायच्या निमित्ताने येऊन उभा राहिला होता. अंकुशने आवाज चढवला नाही.

"काका, मी काई मिस्त्री नोहो. मले एकच सांगा. दोष गाडीत हाये का बाबाच्या हातात?"

"माहा हात कुठं गेला रे?" वासुदेवराव म्हणाले. "मोजून पाय. अजून पाच बोटं हायेत."

सीटवरचे हसले. अंकुश हसला नाही. वासुदेवराव श्रावणकडे पाहत होते. त्या नजरेत विनवणी नव्हती. आपल्या बाजूने साक्ष होणार आहे अशी खात्री असलेल्या माणसाची ती नजर होती.

श्रावणने बटन दाबले. इंजिन लगेच चालू झाले. त्याने ते चार वेळा बंद केले, चार वेळा चालू केले. बॅटरी नवी होती, रिले नवा होता, कार्बन नवे होते. आपण सारे काही केले आणि तरी कळले नाही, हे वाक्य त्या चार माणसांसमोर त्याच्या जिभेपर्यंत आले नाही.

"गाडीत दोष नाई," तो म्हणाला.

"पक्कं?"

"वीस वर्सं झाले, मी हेच करून राह्यलो. गाडीत दोष नाई."

वासुदेवरावांनी दुपट्टा सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला. "मिस्त्री म्हनते तं नसन," ते म्हणाले.

'मला दोष सापडला नाही' आणि 'गाडीत दोष नाही' या दोन विधानांत जेवढे अंतर आहे तेवढ्यात एका माणसाची वाडी गेली. संक्रांतीच्या आधी वासुदेवराव आणि देवकाबाई सावंगीला राहायला गेले. गाडी अंकुशने श्रावणच्या शेडमध्ये आणून उभी केली. "चांगलं गिऱ्हाईक पाहून देजा, काका," तो म्हणाला. वाडीतली उभी वांगी शेजारच्या रूपरावांनी काढून नेली. जमिनीचे काय करायचे ते, इकडच्या रीतीप्रमाणे, गुढीपाडव्याला ठरणार होते. शेत मक्त्याने, म्हणजे ठरावीक पैशांवर दुसऱ्याला कसायला, द्यायचे असेल तर ते पाडव्यापासून वर्षभरासाठी दिले जाते. तोपर्यंत ते मोकळे होते.

२९ जानेवारी, रविवार. श्रावणच्या स्कूटरचे चाक बसले होते आणि घरी दूध आणायचे होते. सकाळचे साडेसहा. त्याने शेडमधली वासुदेवरावांची गाडी बाहेर ओढली, चावी फिरवली आणि बटन दाबले.

कट.

तो आवाज त्याने तोवर फक्त वासुदेवरावांच्या तोंडून ऐकला होता. आता कानाने ऐकला आणि पुन्हा ऐकला. हेडलाइट नीट पेटत होता, हॉर्न खणखणीत वाजत होता. बॅटरीत दम होता. कान पुढे काही सांगेना. आत जाऊन त्याने मीटरचा डबा शोधला. त्याचा वापर समजून घ्यायला त्याला डब्यातला कागद उलगडावा लागला.

बॅटरीच्या दोन टोकांवर साडेबाराच्या वर आकडा आला. बटन दाबूनही तो फारसा उतरला नाही. म्हणजे वीज आहे, पण वाहत नाही. मग त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या उणे टोकावर ठेवली, दुसरी इंजिनच्या धातूवर, आणि बटन दाबले. ही दोन ठिकाणे एका जाड तारेने जोडलेली असतात. तिला अर्थिंग म्हणतात. मोटरमध्ये गेलेली वीज त्याच वाटेने बॅटरीत परत येते. दोहोंमध्ये मीटरला काहीच दिसायला नको होते. मीटरने पाच दाखवले. परतीची वाट बुजली होती.

अर्थिंगची तार चेसीसला जिथे आवळलेली होती तो बोल्ट त्याने खोलला. तारेच्या गोल टोकाखाली, जिथे धातूला धातू भिडायला हवा, तिथे चंदेरी रंगाचा गुळगुळीत थर होता. ब्रशच्या केसाची एक रेघही त्यात दिसत होती. दिव्याला, हॉर्नला लागते तेवढी वीज बोल्टच्या आट्यांतून कशीबशी जात होती. थंडीत घट्ट झालेल्या ऑइलमधून इंजिन फिरवायला मोटरला लागणारा जोर त्यातून जात नव्हता. इंजिन तापले, ऑइल पातळ झाले, की थोडक्यात भागत होते. सारे काही जुळले.

पॉलिश पेपरचा तुकडा, पाच मिनिटे. धातू उघडा झाला. बोल्ट आवळून त्याने बटनाला बोट लावले आणि थंडगार गाडी चालू झाली. श्रावणने ती बंद केली आणि दूध आणायला पायी गेला.

पुढच्या पंधरा दिवसांत त्याने दसऱ्याला रंगवलेल्या बाकीच्या सहा गाड्या एकेक करून बोलावून घेतल्या. "सर्व्हिसिंग करून देतो," इतकेच सांगितले आणि सगळ्यांचा तो बोल्ट घासून दिला. त्या सहांचे मालक किक मारत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आले नव्हते. सहा जणांना फोन करणारा माणूस सातवा फोन करू शकत नाही, हे त्याच्या बायकोला, वच्छलाला, समजेना. श्रावणने तिला पहिल्याच दिवशी सगळे सांगितले होते.

"लावला का फोन?" ती विचारी.

"लावतो."

"कवा?"

"आता अंकुश ड्युटीवर असन. दुपारी लावतो."

दुपारी, "आता बुढा झोपला असन." संध्याकाळी, "आता जेवत असन."

"पंचांग काढू का तुमच्यासाठी?" वच्छला म्हणाली. "फोन लावाचा मुहूर्त पाहून घेऊ."

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये एकदा ती पोळ्या लाटता लाटता थांबली. "अवो, पाडव्याले मक्ता देऊन राह्यले म्हनते थे. रूपरावले."

"माहीत हाये मले."

"मंग?"

"मंग काय?"

"मंग काई नाई," ती म्हणाली आणि तिने तवा ठेवला.

या काळात त्याच्या मनात काय काय येऊन गेले ते त्याने नंतर सांगितले आहे. लोक हसतील. रंगाची भेट ज्यांना दिली ते सारे शंका घेतील. म्हातारा तिथे सुखात असेल, नळाला पाणी आहे, दवाखाना खाली आहे, मग कशाला ढवळायचे? अंकुशला वाटेल, गाडी विकायला जमत नाही म्हणून मिस्त्री गोष्टी रचतो आहे. ही सगळी कारणे ओळीने मांडली तरी त्यांतून साठ दिवस भरत नाहीत. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याने नंबर लावला. फोन गुंतलेला लागला; पलीकडे अंकुश दुसऱ्या कुणाशी बोलत होता. श्रावणने पुन्हा लावला नाही.

पाडव्याच्या दुपारी रूपराव नवी बैलजोडी पाहायला निघालेले, वाटेत दुकानी थांबले. हातावर गाठीचा तुकडा ठेवत म्हणाले, "वासुदेवरावचं वावर केलं मक्त्यानं. सकाळीच कागद झाला. चांगली विहीर हाये, नाई?"

"चांगली हाये," श्रावण म्हणाला.

आठ दिवसांनी, रामनवमीला, दुकान बंद ठेवून तो त्याच गाडीवर सावंगीला गेला. गाडीला गिऱ्हाईक भेटले नव्हते, कारण त्याने ती कुणाला दाखवली नव्हती.

अंकुशची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. वासुदेवराव खिडकीशी लोखंडी पलंगावर बसले होते. खाली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गाड्यांची रांग होती.

"मिस्त्री! आला का तू. ये. दिवसभर हेच आयकतो मी," त्यांनी खिडकीकडे हात केला. "बटन दाबलं का चालू. एकाचाबी सेल्फ बिघडत नाई. तुह्यं दुकान इथं चालनार नाई."

देवकाबाई चहा ठेवायला आत गेल्या. श्रावणने वाट पाहिली नाही.

"वासुदेवराव, दोष गाडीतच होता."

"हं."

"अर्थिंगच्या बोल्टखाली रंग गेलता. दसऱ्याचा. मीच मारला होता."

एखाद्या शेजाऱ्याच्या गाडीविषयी विचारावे तसे वासुदेवरावांनी विचारले, "मंग सकाळीच काऊन अडे?"

श्रावणने समजावून सांगितले. ऑइल, थंडी, मोटरचा जोर. ते मान हलवत ऐकत राहिले.

"म्हनजे मी बटन बराबर दाबत होतो."

"बराबर दाबत होते तुमी."

"अन् क्लच?"

"क्लचबी."

"आयकलं का वो?" त्यांनी आत हाक दिली. "क्लच बराबर दाबत होतो मी."

"मी तं तवाच म्हनत होती," देवकाबाई कप घेऊन बाहेर आल्या. "दाबलाच दिसते म्हनत होती. माहं कोन आयकते? या घरात मिस्त्रीनं सांगतलं का खरं."

वासुदेवराव हसले. मग कपाकडे पाहत म्हणाले, "कवा सापडला तुले?"

"जानेवारीत."

"म्हनजे पाडव्याच्या पहिले."

"हो जी."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

श्रावणच्या हातातल्या चहावर साय धरली. वासुदेवराव थांबले, गिऱ्हाइकाने मिस्त्रीसमोर थांबावे तसे. मग त्यांनी विचारले, "हॉटेलवाल्याइले सांभार कोन देते रे आता?" रागावले असते तर बरे झाले असते, असे श्रावणला तेव्हाही वाटले आणि पुढेही वाटत राहिले.

अंकुश कामावरून आला तेव्हा त्यालाही सारे सांगून झाले. तो श्रावणला जिना उतरून खालपर्यंत पोहोचवायला आला.

"कागद झाला, काका. वर्साचा. आता काय?" तो म्हणाला. "तुमी तवा सांगतलं असतं तं मी त्याइले आनलंच नसतं, असं नाई म्हनत मी. आनलंबी असतं. पन मी त्याइले म्हनलं होतं का बाबा, तुमचे हात आता चालत नाई. पाहुन्यारावळ्याइच्या समोर म्हनलं होतं. थे मी म्हनलो नसतो."

त्यांच्या मागून कठड्याला धरत वासुदेवराव खाली येत होते. दोन मजले उतरायला त्यांना बराच वेळ लागला. गाडीवर बसून त्यांनी क्लच दाबला, पुरता दाबला हे वाकून पाहिले, आणि बटनाला अंगठा लावला. इंजिन चालू झाले. त्यांनी बंद केले. पुन्हा चालू केले, पुन्हा बंद केले. मग चावी काढून श्रावणच्या हातावर ठेवली.

"गिऱ्हाईक पाय," ते म्हणाले.

"ठेवा ना इथंच. पाडवा काय, पुढच्या साली येतेच," श्रावण म्हणाला.

"इथं कुठं नेऊ? मेडिकलच्या पोराइले मेथी विकू का?"

मे महिन्यात गाडी हिंगणघाटच्या एका शिक्षकाने घेतली. श्रावणने त्याला अर्थिंगचा बोल्ट खोलून दाखवला. शिक्षकाला त्यात काही रस नव्हता. त्या वर्षीच्या दसऱ्याला श्रावणने रंगाचा डबा उघडला नाही. "रंग भेटला नाई," असे तो विचारणाऱ्यांना सांगे. मीटर आता खिळ्याला टांगलेला असतो. "कान बसले का मिस्त्री?" असे लोक चिडवतात. न कळलेल्या बिघाडाला तो "मले सापडला नाई" म्हणतो. हे उत्तर गिऱ्हाइकांना आवडत नाही. तीन-चार जुनी माणसे चौकापलीकडच्या दुकानात जाऊ लागली आहेत.

२०२४ चा पाडवा आला तेव्हा अंकुशने स्वतःहून विचारले, "बाबा, वावर सोडवाचं का?" वासुदेवरावांचा डावा गुडघाही तोवर दुखू लागला होता. "रूपरावलेच देऊन टाक," ते म्हणाले.

३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याला, त्या अडीच एकरांचा मक्ता तिसऱ्यांदा रूपरावांच्या नावे झाला, आणि जूनमध्ये त्यांत कपाशी लागली.